ज्वालाजींचा गॅस: बाकूतले पाच दिवस

पहिला दिवस, ५ ऑक्टोबर २०२४

नवरात्रात घर सोडायचं नाही, असा आमच्याकडे नेम आहे. पण लेकीला रजा मिळाली ती नेमकी याच आठवड्यात. घट बसलेले, अखंड दिवा लावलेला. तो टाकून हिला निघणं शक्यच नव्हतं. "तुम्ही दोघं जाऊन या, मी आहे दिव्यापाशी," म्हणाली. असे आम्ही बापलेक बाकूला, अझरबैजानच्या राजधानीला निघालो.

"बाकूच का?" असं ज्याला त्याला विचारायचं होतं. माझ्या नोकरीची सत्तावीस वर्षं बॉम्बे हायवर गेली. चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस घरी. जुहूहून हेलिकॉप्टरनं जायचं, जुहूलाच उतरायचं. लेक पुण्यात सौरऊर्जेच्या कंपनीत इंजिनिअर. त्यामुळे जेवायला बसलो की आमच्या घरात "बाबा, तुमचं ते तेल" आणि "तुझे ते आरसे" सुरू होतं. (आरसे नाहीत, पॅनेल आहेत, हे मला माहीत आहे. ती चिडते म्हणून म्हणतो.) नोव्हेंबरात जागतिक हवामान परिषद बाकूत भरणार होती, म्हणून तिला ते शहर बघायचं होतं. मला बघायचं होतं ते आमच्या धंद्याचं माहेर.

व्हिसा घरबसल्या तीन दिवसांत आला. परत येताना ट्रेननं शेजारच्या जॉर्जियातलं तिबिलिसी करावं असा बेत होता, तो बारगळला. कोरोनात, २०२० साली बंद केलेल्या जमिनीवरच्या सीमा या देशानं प्रवाशांसाठी अजून उघडलेल्याच नाहीत.

विमानतळावरून शहरात यायला लंडनसारखी बुटकी, गोलसर टॅक्सी मिळाली. रंग जांभळा. इथले लोक तिला 'बादिमजान' म्हणतात, म्हणजे वांगं. वांग्यात बसून शहरात शिरलो. रस्ता गुळगुळीत आणि दोन्ही बाजूंना बदामी दगडाची उंच भिंत. भिंतीपलीकडे काय आहे ते दिसत नाही. ठिकठिकाणी परिषदेचे हिरवे फलक लावायचं काम चालू होतं.

संध्याकाळी समुद्रकाठच्या रस्त्यावर गेलो. कॅस्पियनला समुद्र म्हणायचं खरं, पण त्याला भरती-ओहोटी नाही, आणि गेली काही वर्षं तो मागे मागेच सरकतोय. काठाला पाण्याची जुनी पातळी दगडावर पट्ट्यासारखी उमटलेली दिसते. वाऱ्यावर हलकासा रॉकेलचा वास होता. लेकीनं नाकाला ओढणी लावली. मला मात्र ड्यूटीवर हजर झाल्यासारखं वाटलं. समोर टेकडीवर ज्वालांच्या आकाराचे तीन काचेचे मनोरे आहेत; अंधार पडला की त्यांवर दिव्यांच्या ज्वाळा धावतात. उत्तरेकडून येणाऱ्या वाऱ्याला इथे 'खजरी' म्हणतात. तो असा सुटला की माझी टोपी गेली ती गेलीच.

"एवढा वारा," लेक म्हणाली, "आणि एक पवनचक्की दिसत नाही."

दुसरा दिवस

सकाळी जुनं शहर, कुमारी बुरूज, गल्ल्या. छान आहे, पण फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात, म्हणून पुढे जातो.

हाजी झैनालाबदिन तागियेव यांचं घर मात्र सांगितलं पाहिजे. जोड्याच्या कारागिराचा मुलगा, स्वतः गवंडीकाम करत वाढलेला. जमिनीच्या तुकड्यात तेल लागलं आणि माणूस कोट्यधीश झाला. त्या पैशातून त्यांनी १९०१ साली मुसलमान मुलींसाठी शाळा काढली. रशियन साम्राज्यातली ती तशी पहिली. घरात आता राष्ट्रीय इतिहास संग्रहालय आहे. त्या काळी जगातलं जवळपास निम्मं तेल या एका शहराभोवती निघत होतं. नोबेल बंधूही इथेच श्रीमंत झाले, म्हणजे बक्षीसवाल्या आल्फ्रेडचे भाऊ रॉबर्ट आणि लुडविग. १८७८ साली त्यांनी तेलवाहू जहाज बांधलं, त्याचं नाव 'झोरोआस्टर'. त्यांच्या बंगल्याच्या बागेसाठी माती बाहेरून आणली होती, कारण इथल्या मातीत तेलाशिवाय काही उगवत नव्हतं.

दुपारी बीबी-हेयबत. इथे १८४६ साली यंत्रानं पाडलेली तेलविहीर आहे, एकवीस मीटर खोल. अमेरिकेतल्या ड्रेकच्या नावाजलेल्या विहिरीच्या तेरा वर्षं आधीची. आपली आसामातली दिग्बोई या बाकूच्या विहिरीनंतर चार दशकांनी. आता तिथे एक छोटंसं स्मारक आहे आणि भोवती लोखंडी पंप डोकी खालीवर करत उभे. बाजूला मशीद, पलीकडे खाडी, मध्ये पंप. मी स्मारकाच्या कठड्यावर हात ठेवून उभा राहिलो. लेकीनं फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला: "बाबा कुलदैवताला आले."

त्यातला एक पंप मी बराच वेळ पाहत होतो. तो उपसत होता, पण तेलापेक्षा पाणीच जास्त, हे नळीला हात लावल्याशिवायही सांगता येतं. म्हातारी विहीर तशीच असते. आधी तेल, मग तेलात पाणी, मग पाण्यात तेल. शेवटी विजेचा खर्चही निघत नाही.

रात्री समुद्राकडे तोंड करून बसलो. इथून न दिसणारं 'नेफ्त दाशलारी' त्या दिशेला आहे. १९४९ साली भर समुद्रात खांबांवर वसवायला घेतलेलं तेलाचं गाव, जुनी जहाजं बुडवून त्यांच्या आधारानं. ते नोबेलचं 'झोरोआस्टर'ही त्यात बुडवलं, असं सांगतात. पर्यटकाला तिकडे जाऊ देत नाहीत. त्याच समुद्रात ४ डिसेंबर २०१५ ला गुनेशली तेलक्षेत्रातल्या एका प्लॅटफॉर्मवर वादळात आग लागली आणि तीसच्या आसपास माणसं गेली. मला २७ जुलै २००५ आठवला. आमच्या बॉम्बे हायचा नॉर्थ प्लॅटफॉर्म जळाला, बावीस जण गेले. मी त्या पाळीत घरी होतो, पनवेलला, गुडघाभर पाण्यात. याविषयी मी घरी फारसं बोलत नाही. त्या रात्री लेकीनं विचारलं म्हणून थोडं बोललो.

तिसरा दिवस

आज अबशेरॉन द्वीपकल्पाची फेरी. दिवसभरासाठी गाडी ठरवली. ड्रायव्हर पन्नाशीचा, सोन्याचा एक दात, इंग्रजी शून्य. सगळं बोलणं फोनवरच्या भाषांतरातून. पण हळूहळू फोनची गरज कमी झाली. हवा म्हणजे हवा, शहर म्हणजे शहर, मैदान म्हणजे मैदान, दुकान म्हणजे दुकान. पैशाला 'पुल'. आणि विजेला ते 'इशिक' म्हणतात, म्हणजे उजेड. लाइट बिलाला 'इशिक पुलू'. आपण नाही का म्हणत, "लाइट गेली"? हे समजल्यावर ड्रायव्हर इतका खूश झाला की त्यानं स्टिअरिंग सोडून टाळी दिली.

विमानतळाच्या रस्त्यावरच्या त्या बदामी भिंतीची मागची बाजू आज दिसली. पत्र्याच्या आणि सिमेंटच्या ठोकळ्यांची घरं, अंगणात वाळत घातलेले कपडे, आणि कपड्यांच्या दोरीपासून वीस पावलांवर तेलाचा पंप. मधल्या खड्ड्यांत काळं, चकाकणारं पाणी. बालाखानीत तर हातानं खणलेल्या विहिरींपासूनचा इतिहास आहे. तिथल्या एका पस्तीस मीटर खोल विहिरीत १५९४ सालचा शिलालेख सापडला होता. गावाचा मधला भाग आता रंगवून, फुलझाडं लावून नटवलाय. पण दोन गल्ल्या सोडल्या की चपलेला डांबरासारखं काहीतरी चिकटतंच.

मग सुराखानी. आतेशगाह. हे अग्निमंदिर आहे एवढं वाचून गेलो होतो. पाच बाजूंची दगडी तटबंदी, कडेनं बैरागी लोकांच्या खोल्या, मधोमध चार कमानींची छत्री, छत्रीवर त्रिशूळ आणि आत धडधडणारा अग्नी. पारशांचं असेल, अशी माझी समजूत होती. एका दारावरच्या शिळेपाशी लेक थबकली. म्हणाली, "बाबा, हे मला वाचता येतंय."

श्री गणेशाय नमः.

घरापासून हजारो किलोमीटर लांब, रॉकेलच्या वासात, देवनागरी. अक्षरं ओबडधोबड, पाट्या-पेन्सिलीचा सराव मोडलेल्या माणसानं कोरावी तशी. खाली ज्वालाजींचं नाव, पुढे संवत १८०२, म्हणजे इसवी सनाचं १७४५ वगैरे. काही शिळा गुरुमुखीत, एक फारसीत. मुलतान, सिंध, पंजाबकडचे व्यापारी इथे यायचे, त्यांच्या पैशातून हे उभं राहिलं. आपल्या मुंबईचे पारशी पंडित जीवनजी जमशेदजी मोदी १९२५ साली इथे येऊन गेले आणि त्यांनीही निर्वाळा दिला तो हाच, की हे हिंदूंचं स्थान आहे. मी चष्मा पुसून पुन्हा पुन्हा वाचत राहिलो. आजूबाजूच्या जर्मन पर्यटकांना कळेना की दगडावर एवढं काय आहे.

हिला व्हिडिओ कॉल लावला. देव्हाऱ्यासमोरच बसली होती. तिकडचा दिवा आणि इकडचा अग्नी एकाच पडद्यावर. तिनं हात जोडले.

"अखंड आहे का हो?"

"आहे."

"तेल कोण घालतं?"

आता काय सांगू? इथला मूळचा अग्नी जमिनीतून आपसूक येणाऱ्या गॅसवर जळत होता. पण १८५०च्या दशकाच्या शेवटी मंदिराला खेटून कोकोरेव नावाच्या रशियन उद्योजकानं रॉकेलचा कारखाना टाकला. पुढे विहिरी वाढल्या. भारतीय व्यापारी आणि पुजारी निघून गेले. सोव्हिएत काळात भोवतालच्या जमिनीतून गॅस इतका ओढला की १९६९ साली मंदिरातला अग्नी शांत झाला. (दिवा विझला असं आपण म्हणत नाही, आणि इथेही माझ्यानं म्हणवत नाही.) सध्या जळतो तो शहराच्या पाइपलाइनमधून आणलेला गॅस. बाकूच्या कुठल्याही स्वयंपाकघरात येतो तोच.

"पाइपचा गॅस आहे," मी म्हणालो.

"म्हणजे बिल येतं?"

"येत असणार."

ती गप्प झाली. मग म्हणाली, "तरी पण नमस्कार सांगा."

आम्ही जोडे काढून नमस्कार केला. छत्रीजवळ गॅसच्या ज्वाळेचा तो आवाज होता, फरफर, फरफर. सत्तावीस वर्षं झोपेतसुद्धा ऐकलेला. प्लॅटफॉर्मवर फ्लेअर, म्हणजे जादा गॅस जाळायची ज्वाळा, चालू असेल तर झोप लागते; बंद झाली की दचकून जाग येते, कारण काहीतरी बिघडलेलं असतं. मी लेकीला म्हटलं, जमिनीखालच्या दाबाचं गणित कॉलेजात शिकलो, पण दाब संपणं म्हणजे काय हे असं कुणी दाखवलं नव्हतं. ती काही बोलली नाही. एरवी या जागी तिनं मला सोडलं नसतं.

संध्याकाळी यानार दाग, जळता डोंगर. इथे मात्र जमिनीतूनच गॅस येतो, आठ-दहा मीटर लांबीची ज्वाळांची रांग टेकडीच्या पायथ्याशी अहोरात्र जळते. भोवती पायऱ्या आणि तिकीटखिडकी. थंडीत शेकायला बरं वाटलं. जेवायला कुताब, म्हणजे पालेभाजी भरून तव्यावर भाजलेली पातळ पोळी, आणि दोवगा. दोवगा म्हणजे थेट आपली ताकातली पालेभाजी, फक्त फोडणी नाही. बरोबर मिरची असती तर दोन वाट्या जास्त प्यायलो असतो.

चौथा दिवस

दक्षिणेला गोबुस्तान. समुद्रकाठच्या हमरस्त्यानं जाताना सांगाचालचं टर्मिनल लागतं. मैलभर टाक्या, नळ्या, दूरवर फ्लेअर. समुद्रातलं तेल-वायू इथे येतं आणि इथून तेल १,७६८ किलोमीटरच्या नळानं जॉर्जियामार्गे तुर्कस्तानच्या जेहान बंदराला जातं. गॅस त्याहून लांब, थेट इटलीपर्यंत. ज्या समुद्रातल्या क्षेत्रांतून हे निघतं त्यात आपल्या ओएनजीसी विदेशचाही छोटा हिस्सा आहे, हे मी ड्रायव्हरला सांगितलं. त्यानं फोनमध्ये वाचून माझ्याकडे जरा आदरानं पाहिलं, जणू टाक्या माझ्याच.

गोबुस्तानच्या प्रागैतिहासिक चित्रांपेक्षा मला चिखलाचे ज्वालामुखी आवडले. राखाडी, कंबरेएवढे मातीचे सुळके, टोकाला भोक, भोकात चिखल. मिनिटभर काही नाही, मग एक फुगा हळूहळू फुगतो आणि 'बुडुक' करून फुटतो. गरम असेल म्हणून बोट जपून बुडवलं, तर गारेगार! कारण हे उष्णतेचं काम नाही, खालच्या गॅसचं आहे. जगात असे ज्वालामुखी हजाराच्या आसपास, त्यांतले साडेतीनशे या एका देशात.

परतीच्या वाटेवर लेकीचं तीर्थ, गारादागचं सौर केंद्र. आत जायची परवानगी नव्हती. ड्रायव्हरनं कच्च्या रस्त्यानं कुंपणाजवळ नेलं. उजाड माळावर निळ्या रांगा, दुसरं टोक दिसत नव्हतं. २३० मेगावॅट, साडेपाचशे हेक्टर, पाच लाख सत्तर हजार पॅनेल. अबू धाबीच्या मस्दर कंपनीनं बांधलं, ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झालं. लेक कुंपणाला नाक लावून उभी. पॅनेल सूर्यामागे वळतात ती यंत्रणा तिनं मला समजावून सांगितली. मीही नीट ऐकलं.

मग आकडे निघाले. हे केंद्र वर्षाला ५० कोटी युनिट वीज देणार आणि त्यामुळे ११ कोटी घनमीटर गॅस वाचणार, असा सरकारी हिशेब. या देशाची बहुतेक वीज गॅसवरच होते, तेव्हा वाचणार हे खरं.

"वाचलेला गॅस कुठे जाणार?" मी विचारलं.

लेकीनं फोनवर प्रश्न टाइप करून ड्रायव्हरला दाखवला. त्यानं पश्चिमेकडे हात केला. "इतालिया."

तेच आहे. जुलै २०२२ मध्ये युरोपीय आयोगाच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायेन बाकूत येऊन करार करून गेल्या. रशियाचा गॅस नको म्हणून २०२७ पर्यंत इथून वर्षाला निदान २,००० कोटी घनमीटर, म्हणजे तेव्हाच्या जवळपास दुप्पट गॅस न्यायचा. घरात सूर्य वापरायचा आणि गॅस विकायला काढायचा. दुधवाल्यानं घरच्या चहात पावडर घालावी आणि रतीब वाढवावा, तसं. २०३० पर्यंत वीजनिर्मितीच्या क्षमतेत ३० टक्के वाटा अपारंपरिक ऊर्जेचा करायचाय, आणि त्यात या दुधाचा विचार नक्कीच आहे. लेक चिडली. ती पॅनेल लावते ते गॅस जमिनीतच राहावा म्हणून, दुसऱ्याच्या चुलीत जाळायला नव्हे.

मला तिच्याइतका राग आला नाही. त्यांच्याजागी मी काय विकलं असतं? निर्यातीतले नव्वद टक्के तेल आणि वायू. तेल २०१० साली पाच कोटी टनांच्या आसपास निघत होतं, ते आता तीन कोटींवर आलंय. कुणी परिषद घेऊन कमी केलेलं नाही; विहिरी म्हाताऱ्या झाल्या म्हणून. विकायला उरला गॅस. पण तिचं एक म्हणणं मला खोडता आलं नाही. ती म्हणाली, "बाबा, याला ऊर्जेचं संक्रमण म्हणू नका. याला फक्त दुकानात नवीन माल मांडणं म्हणतात."

चहाला थांबलो. कमरेत बारीक असलेला काचेचा पेला, साखरेऐवजी बाजूला चेरीचा मुरांबा. ड्रायव्हरनं २०१५ ची गोष्ट सांगितली. तेलाचे भाव कोसळले आणि 'मनात', म्हणजे इथलं चलन, वर्षात दोनदा पडलं. वर्षाच्या सुरुवातीला डॉलरला ०.७८ मनात, अखेरीला १.५५. त्याचं गाडीचं कर्ज होतं डॉलरमध्ये. पगार तेवढाच, हप्ता दुप्पट. बांधकामावर क्रेन चालवायचा, ते काम थांबलं. तेव्हापासून टॅक्सी. त्याच्या बोटांवर हिशेब अजून होता, एकेक बोट मुडपत सांगत होता. "तेल खाली, मी खाली," असं फोननं भाषांतर केलं. ते चुकलं असेल असं वाटत नाही.

परिषदेबद्दल विचारलं तर त्यानं खिडकीबाहेर पाहिलं आणि "चोख गोझल" म्हणाला, फार छान. तेलाच्या पैशाबद्दल लिहिणारे अर्थतज्ज्ञ गुबाद इबादोग्लू यांना २०२३ च्या जुलैमध्ये अटक झाली होती, हे लेकीनं रात्री हॉटेलात वाचून दाखवलं. मग आम्हाला ते खिडकीबाहेर पाहणं कळलं.

पाचवा दिवस

सकाळी बाजार. अक्रोड, डाळिंबाचा आंबट पाक, हिच्यासाठी केशर. केशर महाग निघालं, थोडंच घेतलं. संध्याकाळी बादिमजान, तीच बदामी भिंत, विमान. उड्डाणानंतर खिडकीतून अंधारलेल्या समुद्रावर ठिपके दिसत होते. फ्लेअर कुठली आणि बोटीचा दिवा कुठला हे मला वरूनही ओळखता येतं. लेक झोपली होती, म्हणून मोठ्यानं मोजले नाहीत.

(महिन्याभरानं परिषद भरली. उद्घाटनाला तिथले राष्ट्राध्यक्ष अलियेव तेल आणि वायूला देवाची देणगी म्हणाले. लेकीनं मला ती चित्रफीत पाठवली, सोबत काहीही न लिहिता.)

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी पोचलो. बॅगा दारात टाकल्या. देव्हाऱ्यात दिवा होता, वात नुकतीच सारखी केलेली. ही पदर खोचत आतून आली आणि तेलाची बुधली माझ्या हातात दिली.

"आलात? बरं झालं. जरा दिव्यात तेल घाला, मी आंघोळीला जाते."